उभ्या जागचे किलोमीटर

४ फेब्रुवारी

पाकिटावर तुझ्या नावापुढे ‘प्रशिक्षक’ लिहावं की ‘धावपटू’, ते ठरेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. पोस्टमनला तो सगळा डोंगर चढायचा आहे, त्याला निदान वाचायला कमी असावं.

फोन तू उचलत नाहीस. रविवारी संध्याकाळी लेकीचा, टिटवीचा तेवढा घेतोस आणि तिच्याशी टाच, चढ आणि श्वास एवढ्याच विषयांवर बोलतोस. मी मध्ये तोंड घातलं की “बरं, ठेवतो.” पत्राला तसं म्हणता येत नाही. फाडून टाकता येतं, पण तेवढे कष्ट तू घेणार नाहीस. तू मुळात आळशी माणूस आहेस. रोज डोंगर पालथा घालणाऱ्याला आळशी म्हणणारी मी जगात एकटीच असेन, पण न्हाणीघरातल्या नळाचा वॉशर तू वर्षभर बदलला नव्हतास आणि शेवटी तो तुझ्या आईने बदलला, हे जगाला माहीत नाही.

कामाचं आधी सांगते. तुझ्या मुलीची उजवी नडगी दुखते आहे. ती कबूल करत नाही. सकाळी स्वयंपाकघरात येताना भिंतीला हात लावत येते आणि मी बघितलं की हात काढून घेते. विचारलं तर म्हणते, “झोपेत अवघडलं.” रोज कोणी झोपेत एकाच जागी अवघडत नाही. दहा एप्रिलला तिची निवड चाचणी आहे. निवड झाली की सुट्टीपासून ती तुझ्या शिबिरात राहायला येणार, हे तुमचं दोघांचं ठरलेलं आहे. मला ते तुझ्या आईकडून कळलं.

मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे. येत्या रविवारी तिला सांग, थांब. दुखणं दाखवून घे आणि बरं होईपर्यंत पळू नकोस. माझं ती ऐकणार नाही. मी लोखंड विकणारी बाई आहे, मला पायातलं काय कळणार? तू सांगितलंस तर ती श्वास घ्यायचीही थांबेल.

आता गंमत ऐक. कंपनीने मला तुमच्याच जमातीवर सोडलं आहे. आमच्या गोदामात फळ्या पडून होत्या. जाड फळी, दोन्ही बाजूंना रबराचे पट्टे, ते खांद्यावर अडकवायचे आणि उठाबशा काढायच्या, टाचा उचलायच्या, वाटलं तर उड्या मारायच्या. घरच्या घरी ताकद. काळ्या रंगात ‘पोलाद’ नावाने काढली होती, पिळदार पोरांसाठी. पोरांनी ती एका हाताने उचलून बघितली आणि हसून खाली ठेवली. मग मालक म्हणाले, हल्ली जो उठतो तो पळतो, पळणाऱ्यांना विका. विक्रीवाल्याने लगेच मांड्यांचं चित्र आणलं. मी म्हटलं, “पळणाऱ्याला मांड्या नको असतात. त्याला वाटतं मांडीचं वजन वाढलं तर वेळ वाढेल. त्याला ताकद विकायची नाही. त्याला किलोमीटर विकायचे.”

“म्हणजे?”

“हे लोक पळून घराशी येतात आणि थांबत नाहीत. मनगटावर आकडा पूर्ण झालेला नसतो. मग समोरच्या विजेच्या खांबाभोवती गोल गोल फिरतात, आकडा पूर्ण होईपर्यंत. कुत्रीसुद्धा खांबाजवळ एवढा वेळ काढत नाहीत.”

सगळे हसले. मालक हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “हे तुम्ही कुठे बघितलंत?”

मी म्हटलं, “आमच्या गॅलरीतून.”

तर आता फळी डांबराच्या रंगात आली आहे, तिचं नाव ‘रस्ता’ आहे आणि तिला बसवलेल्या छोट्या पडद्यावर उठाबशांचा आकडा येत नाही. किलोमीटर येतात. तुझी बायको कामात हुशार ठरली, तुझ्यामुळे.

रविवारी सांग तिला.

— टिटवीची आई

१७ फेब्रुवारी

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी लिहायला एवढा वेळ लागला, म्हणजे एकेका शब्दावर मुक्काम केला असशील. “सुरुवातीला दुखतंच. सावकाश पळू दे, गरम झालं की सैल होतं.” हे वाक्य तू माझ्या बाळंतपणातही म्हणाला असतास.

मी तिला ओढत हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. नडगीच्या हाडाला केसाएवढी भेग आहे. डॉक्टर तिच्याशीच बोलले, माझ्याकडे बघितलंही नाही. आवडलं मला ते.

“ग्लासला केसाएवढी रेघ गेलेली दिसली तर त्यात उकळता चहा ओतशील का?”

“नाही.”

“मग पळायचं नाही. उड्या मारायच्या नाहीत. दीड महिना. तेवढ्यात हाड स्वतःचं स्वतः जुळतं, त्याला आपली मदत लागत नाही. आपण फक्त मध्ये मध्ये करायचं नाही.”

रिक्षात बसल्यावर तुझी लेक म्हणाली, “बाबांना विचारते.” आणि रविवारी तू काय सांगितलंस? “डॉक्टरांना बसलेले पाय कळतात, पळणारे कळत नाहीत.” फोन ती बाहेरच्या खोलीतच घेते. तुझी आई शेजारी बसून सगळं ऐकत होती. फोन झाल्यावर म्हणाली, “याच्या वयाची मुलं उनाडक्या करायची तेव्हा हा नेमाने पळायचा, मला केवढा अभिमान होता. मला काय माहीत, हीच उनाडकी म्हणून.”

बूट मी कपाटात ठेवले आणि कपाटाची किल्ली तुझ्या आईकडे दिली. ती दिवसभर घरात असते, आणि तिच्या बटव्यातून किल्ली काढायची कोणाची छाती नाही. टिटवीने दोन दिवस तोंड फिरवलं. मग हट्ट सोडला.

इकडे मालकांना नवीन कल्पना सुचली. फळीने बोलायला हवं. बाहेरून कोणी कलाकार आणायचा तर खर्च, म्हणून मलाच गोदामात खोक्यांच्या मध्ये बसवलं आणि माझा आवाज भरून घेतला. “छान. एक किलोमीटर झाला.” “थांबू नकोस, थोडंच राहिलं.” मालक म्हणाले, तुमचा आवाज अगदी आईचा आवाज आहे. घरी वाजवून दाखवलं तर तुझी आई म्हणाली, “यंत्राशी बरी गोड बोलतेस.”

आमच्याकडे एक व्यायामशिक्षक येतो, सल्ल्यासाठी. त्याने आधीच सांगितलं होतं की ताकद वाढवायची तर पट्टे घट्ट हवेत, चार-सहा वेळा उठायचं आणि मग चांगलं टेकायचं, विश्रांती घ्यायची. मी म्हटलं, पळणाऱ्यांना टेका म्हटलं तर त्यांना ताप येतो. तेव्हा आम्ही पट्टेच सैल केले. आता कितीही वेळ उठाबशा काढता येतात, काही होत नाही. ताकदही वाढत नाही, पण आकडा वाढतो. तुम्हाला तेवढंच हवं असतं.

तू तिला काही उलटसुलट सांगू नकोस, एवढं तरी कर. थांब म्हणायला जीभ वळत नसेल तर गप्प बस.

— टिटवीची आई

९ मार्च

मी जिंकले. पदक नको, पाठवू नकोस. तुझी पदकं आहेत तीच पुष्कळ झाली. तुझ्या आईने त्यातलं एक गॅलरीच्या पडद्याला खाली शिवलं आहे, वाऱ्याने उडू नये म्हणून. चांगलं जड आहे.

तुझी मुलगी थांबली. तुझ्या मदतीशिवाय. शाळेतून येते, खाते आणि दार लावून अभ्यासाला बसते. एवढा अभ्यास तिने आजवर कधी केला नव्हता. चिडचिड नाही, बुटांची चौकशी नाही. रविवारी तुझ्याशी बोलतानाही शांत असते. परवा मी विचारलं, “दुखतंय का गं?” तर म्हणाली, “नाही गं, आता सवय झाली.” मला वाटलं, थांबायची सवय झाली.

फळीचं विचारत नाहीस तरी सांगते. गोदाम रिकामं झालं. मालकांनी दुसरी खेप लावली. तुमचे लोक आम्हाला पत्रं लिहितात. एकाने लिहिलं की पाऊस असला तरी आता त्याचा दिवस वाया जात नाही, पलंग आणि कपाट यांच्या मध्ये तो नऊ किलोमीटर करतो. पलंग आणि कपाट यांच्या मध्ये. माणसाला किलोमीटर म्हणजे काय हे शाळेत शिकवलं असणार, तिथून इथपर्यंत तो स्वतःच्या पायांनी आला. दुसऱ्या एका बाईंनी लिहिलं की घरच्यांनी त्यांना आजारपणात पळायला बंदी केली, तेव्हा त्या फळीवर करतात, कारण ते पळणं नाही. मी ही दोन्ही पत्रं बैठकीत वाचून दाखवली आणि टाळ्या घेतल्या.

मला एक सांग, तुम्ही नक्की कशापासून पळता? मी अनेक वर्षं हा प्रश्न तुला विचारायचा टाळला, कारण उत्तर मीच निघेन अशी भीती होती. आता इतके लोक बघितले आणि भीती गेली. सगळ्यांच्या घरी मी कशी असेन?

प्रत्येक कामगाराला एकेक फळी भेट मिळाली. आमची टिटवीच्या पलंगाखाली आहे. दुसरीकडे जागा नाही.

— टिटवीची आई

२४ मार्च

तू हे पत्र बसून वाच.

शुक्रवारी कचेरीत दुपारीच वीज गेली आणि मी लवकर घरी आले. तुझी आई बाहेर रेडिओ लावून बसली होती, मांडीवर बटवा. म्हणाली, “हळू बोल, पोरीचा अभ्यास चाललाय.” मी पाणी प्यायला आत गेले आणि टिटवीच्या बंद दाराआडून मला माझाच आवाज ऐकू आला. “छान. एक किलोमीटर झाला.”

मला आधी वाटलं, ते वाक्य इतक्यांदा ऐकलं आहे की आता डोक्यातच वाजतं. मग आवाज पुन्हा आला. “थांबू नकोस, थोडंच राहिलं.” आणि त्यामागे धापा.

दार उघडलं. ती फळीवर अनवाणी उड्या मारत होती. केस गळ्याला चिकटलेले. मला बघून थांबली नाही, आकडा पूर्ण करून थांबली.

“हे काय चाललंय?”

“मी पळत नाहीये.”

“मग काय करतेयस?”

“उभी आहे. एकाच जागी. बूट कपाटात आहेत, आजीला विचार.”

“डॉक्टर म्हणाले होते उड्या मारायच्या नाहीत.”

“ही उडी नाहीये, आई. हा किलोमीटर आहे. खोक्यावर तूच लिहिलंयस.”

खोक्यावर मीच लिहिलं आहे. मग ती फळीवरून उतरून पलंगाकडे निघाली आणि तिसऱ्या पावलाला पाय खालून निसटला. तोंडातून आवाजही काढला नाही. खाली बसून नडगी दोन्ही हातांनी धरली आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी तिचं काहीतरी चोरून पाहिलं. बाहेरून तुझी आई विचारत होती, “काय पडलं गं?”

भेग वाढली आहे. डॉक्टर या वेळी माझ्याशी बोलले. आता पाय जपला तर पावसाळ्यापर्यंत जुळेल. दहा तारखेच्या चाचणीत पळाली तर हाड मधोमध मोडेल, आणि नंतर जुळलं तरी पहिल्यासारखं जुळणार नाही. पायाला आधाराचा उंच बूट दिला आहे आणि एक काठी. ती दोन्ही काढून ठेवते. चाचणीला जाणार म्हणते. सोळाव्या वर्षी इतका थंड आवाज तिने कुठून आणला ते मला माहीत आहे. म्हणते, “एकदा धावायचंय, मग वर्षभर झोपून राहीन. बाबा इथे असते तर त्यांनी मला समजून घेतलं असतं. बाबा कधी थांबले का?”

म्हणून आता मागते ते नीट ऐक. तिला थांब म्हणू नकोस, आता तेवढ्याने भागणार नाही. तिला तुझ्या पायाचं सांग.

तिला वाटतं, तिचे बाबा पहाटे सगळ्यांच्या आधी उठतात ही त्यांची साधना आहे. तुझ्या शिबिरातल्या पोरांनाही तू तेच सांगतोस. अंधारात का उठतोस ते या घरात फक्त मला आणि तुझ्या आईला माहीत आहे. डाव्या नडगीला हीच भेग घेऊन तू ती मोठी शर्यत पूर्ण केलीस. लोकांनी खांद्यावर घेतलं, आणि बरं केलं, कारण तुला चालता येत नव्हतं. तेव्हा टिटवी रांगत होती. हाड वाकडं जुळलं. तेव्हापासून रोज सकाळी तो पाय तासभर तुझा नसतो. तू भिंती धरत, आडवा होत, कण्हत तो गरम करतोस आणि घर जागं व्हायच्या आत बाहेर पडतोस, ताठ. इतकी वर्षं मी डोळे मिटून पडून राहत होते, तुला कोणी बघितलं नाही असं वाटावं म्हणून. तेवढंच मी तुझ्यासाठी केलं असं तू म्हणशील. तेवढं पुष्कळ होतं.

रविवारी हे सगळं तिला सांग. तुझी अब्रू जाईल. जाऊ दे. तिचा पाय राहील.

— टिटवीची आई

३१ मार्च

तू सांगितलंस. मला खरं वाटत नव्हतं. ती बराच वेळ नुसती ऐकत होती आणि तुझी आई तिच्या तोंडाकडे बघत होती.

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. म्हणाली, “छान लिहून दिलंस, आई.”

“काय?”

“बाबांना. ते पाय गरम करायचं वगैरे. आजपर्यंत कधी नव्हतं, नेमकं चाचणीच्या तोंडावर निघालं. कचेरीत असंच करता ना तुम्ही? पळणाऱ्याच्या तोंडी वाक्य घालायचं. ‘मीही रस्ता फळीवरच तयारी करतो.’ तो खोक्यावरचा माणूस पळतो तरी का गं?”

तो पळत नाही. तो आमच्या छपाईवाल्याचा मेहुणा आहे, त्याला रस्ता ओलांडताना धाप लागते. मी हे तिला कधीतरी हसत हसत सांगितलं होतं.

तुझ्या आईने शपथा घातल्या, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं आहे म्हणाली. टिटवी म्हणाली, “आजी, तू किल्लीवाली. तू आईच्याच बाजूची.” आणि काठी न घेता आत गेली.

मी मालकांकडेही गेले होते. म्हटलं, उड्यांना किलोमीटर म्हणणं बंद करू, पट्टे घट्ट करू, विश्रांती घ्यायला सांगू. कारणही सांगितलं. मालक हळहळले. घरी फळं पाठवली. मग म्हणाले, “खोक्यावर बारीक अक्षरात घालू ना, पाय दुखत असल्यास वापरू नये.” मी म्हटलं, पाय दुखत असल्यास थांबणारा माणूस आपलं गिऱ्हाईकच नाही. ते म्हणाले, “बघा, तुम्हीच सांगताय.” तुला वाटत असेल मी राजीनामा तोंडावर फेकला. नाही फेकला. घर चालवायला पळून भागत नाही. बारीक अक्षरातलं वाक्य मीच लिहून दिलं आणि छपाईवाल्याकडे बसून ते थोडं मोठं करून घेतलं. मी अशी आहे.

तेव्हा आता तूच ये. बोलायला नाही. बोलण्यावर तिचा विश्वास उडाला आहे, आणि तो कोणी उडवला ते मला माहीत आहे. बोलणं कोणीही लिहून देऊ शकतं. पाय कोणी लिहून देत नाही.

आठ तारखेला संध्याकाळी ये. जेव, वरच्या खोलीत झोप. आणि नऊ तारखेला सकाळी घर जागं झाल्यावर ऊठ. पहाटे उठून भिंती धरायच्या नाहीत, पाय चोळायचा नाही, कसलं तेल नाही. आम्ही खाली बसलेले असू. जागा झालास की तसाच खाली ये.

तुला माझ्यासमोर हे करायला आवडणार नाही, मला माहीत आहे. मी पाठ करून उभी राहीन.

— टिटवीची आई

१२ एप्रिल

तू गेल्यावर लगेच लिहायला बसणार होते, पण घरात चाचणीचा दिवस मध्ये होता.

तू जिन्यावर होतास तेव्हा खाली मान घालून पायऱ्या बघत होतास. तुला तिचा चेहरा दिसला नाही. तो तुला सांगायला हे पत्र आहे, नाहीतर मला तुला लिहायची आता काही हौस नाही.

ती वही उघडून बसली होती. तू आल्यापासून तुझ्याशी जेमतेम बोलली होती. मला म्हणालीही होती, “बोलावलंस ना शेवटी, आता बघ, नाटकाचा दुसरा अंक.” वरती तुझं दार वाजलं. मग काहीच नाही. मग कठड्याला हात घासल्याचा आवाज. तिने मान वर केली नाही. तू पहिल्या पायरीवर कठड्याकडे वळलास, तो दोन्ही हातांनी धरलास, चांगला पाय खाली सोडलास आणि दुसरा ओढून त्याच्याशेजारी ठेवलास. लहान मूल उतरतं तसा. मग पुन्हा. तिसऱ्या पायरीला तिने वर बघितलं. मी पाठ करून उभी राहणार म्हटलं होतं, ते केलं नाही. मी तिच्याकडे बघत होते.

आधी तिच्या चेहऱ्यावर तोच कुत्सितपणा होता, माझा. म्हणजे, नाटक चांगलं बसवलंय म्हणून. मग तू मधल्या पायरीवर थांबलास, कठड्यावर कपाळ टेकलंस आणि तुझ्या तोंडातून तो आवाज आला, जो मी इतकी वर्षं डोळे मिटून ऐकला. तिथे तो कुत्सितपणा गळून पडला. तिला तुझी दया आली नाही, हे तुझ्या समाधानासाठी सांगते. ती घाबरली. स्वतःची नडगी तिने टेबलाखाली हाताने धरली. माझ्या पोरीला मी आजवर घाबरलेलं बघितलं नव्हतं. डॉक्टरांनी घाबरवलं, मी घाबरवलं, हाडानेही घाबरवून बघितलं, कोणाला जमलं नाही. स्वयंपाकघरात दूध उतू गेलं, ते तुझ्या आईनेही उतरवलं नाही.

मग तिने तुला विचारलं.

“रोज असं?”

“रोज.”

“किती वेळ?”

“गरम होईपर्यंत.”

“आणि मग?”

“मग पळतो.”

“आणि दुसऱ्या दिवशी?”

तू गप्प बसलास. लग्नानंतर पहिल्यांदा तुझं गप्प बसणं मला आवडलं.

तू दुपारी गेलास. संध्याकाळी तिने स्वतः चाचणीच्या चिटणीसांना फोन केला, स्वतःचं नाव सांगितलं आणि म्हणाली, येणार नाही. त्यांनी कारण विचारलं असणार. ती म्हणाली, “पाय मोडलाय.” अजून मोडला नव्हता, पण मी मध्ये बोलले नाही. दहा तारखेला ती दिवसभर रडली, उशी तोंडात धरून. जेवली नाही. तुझ्या आईला म्हणाली, “आजी, कपाटाची किल्ली आता नको सांभाळूस,” आणि तुझी आई म्हणाली, “सांभाळते गं, मला तेवढंच काम आहे.” अकराला सकाळी ती उंच बूट घालून, काठी घेऊन शाळेत गेली. फाटकापर्यंत मी बरोबर जाऊ लागले तर म्हणाली, “तू नको येऊस, तू वाक्यं सुचवतेस.” माझ्यावर राग आहे अजून. असू दे. आमचं दोघींचं जुळायलाही वेळ लागेल, आणि त्यात मला मध्ये मध्ये करता येणार नाही.

फळी मी कचेरीत परत केली. मालक म्हणाले, नादुरुस्त आहे का? मी म्हटलं, उत्तम चालते.

तुझ्याबद्दल माझं मत बदललं असं समजू नकोस. नळ पुन्हा गळतो आहे आणि तू रात्रभर त्याच्या वरच्या खोलीत झोपून गेलास. पण तुला बसपर्यंत जाताना आम्ही तिघींनी गॅलरीतून बघितलं. तुझा पाय तेव्हा गरम झालेला असणार, तुला ताठ चालता आलं असतं. तू लंगडत गेलास. ते तिच्यासाठी होतं की मला दाखवायला, हे मी विचारणार नाही.

एकच सांगते. शिबिरात तुझ्याकडे टिटवीच्या वयाची पोरं आहेत. त्यांच्यातल्या कोणाच्या तरी नडगीत आज रेघ असेल आणि तो भिंतीवरचा हात काढून घेत असेल. तुझ्याआधी कोणी उठत नाही, असं तू सगळ्यांना सांगत असतोस. एक दिवस त्यांना आधी उठू दे.

— टिटवीची आई